वीत आणि तीन बोटं

माझ्या दुकानात, काउंटरच्या वर, मक्याचं एक वाळकं कणीस बरेच दिवस सुतळीला टांगलेलं होतं. बी-बियाण्याच्या दुकानात अशी कणसं, कपाशीची बोंडं, शेंगांचे झुबके टांगलेले असतातच. गिऱ्हाइकाला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. बाकीचा माल कंपनीच्या माणसांनी आणून दिलेला होता. हे एक कणीस मात्र माझ्या थोरल्या भावानं आणलं होतं. आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या बाजाराच्या दिवशी त्यानं ते पिशवीतून काढून काउंटरवर आडवं ठेवलं, त्यावर हाताची वीत टेकवली, वीत संपली तिथून पुढं तीन बोटं लावली आणि चार गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाला, "मोज. तुह्या कंपनीच्या फोटोत हाय काय एवढं?"

मी म्हटलं, "दादा, टेप हाय माह्यापाशी. इती कायले लावतं?"

"टेप तुह्या गिऱ्हाइकाले दाखव. मले माहा हात पुरते."

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, पण आतून जळलो. कृषी पदविका मी घेतलेली, दुकान माझं, आणि लोक वाण विचारायचे ते दादाच्या कणसाकडं बोट दाखवून.

आम्ही दोघंच भाऊ. मी शिकलो म्हणून मालेगावात दुकान टाकलं, त्यानं वावर सांभाळलं. वावर मालेगाव–वाशीम रस्त्याला लागून आहे. पावसाळ्यात सोयाबीन, ते निघालं की विहिरीच्या पाण्यावर मका. त्या मक्यावरून आमचं वर्षानुवर्षं भांडण चालायचं, आणि खरं सांगायचं तर तेच आमचं बोलणं होतं. बाकी सुखदुःखाचं आम्ही एकमेकांशी फारसं बोललो नाही.

माझं म्हणणं साधं होतं. झाडं दाट लावली की कणीस लहान येतं हे खरं, पण कणसं जास्त होतात आणि शेवटी काट्यावर वजन जास्त भरतं. लांबी काय चाटायची आहे? दादाला हे कधी पटलं नाही. तो दोन फुटांवर ओळ धरायचा आणि झाडाझाडात सव्वा फूट सोडायचा. एवढी जागा म्हशीला लागते, मक्याला नाही, असं मी म्हणायचो. तो म्हणायचा, "मी काय कारखान्याले नाही पेरत. मी मानसाले पेरतो."

ह्या 'मानसाले' शब्दामागं एक गोष्ट होती. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा असते. आमच्या रस्त्यानं जीपा, टेम्पो भरून जातात आणि काही लोक पायीही जातात. दादा त्या दिवसांत बांधावर कोळसे पेटवून बसायचा आणि पायी जाणाऱ्याच्या हातात एक-एक भाजलेलं कणीस द्यायचा. एका माणसाला एक. अर्ध्या वाटेवरच्या माणसाचं पोट एका कणसात भरलं पाहिजे, म्हणून कणीस मोठं हवं. त्याच्या सगळ्या शेतीशास्त्राचा पाया एवढाच होता.

आता मक्याचं असं आहे की जागा दिली म्हणून सगळेच वाण कणीस वाढवत नाहीत. काहींचं कणीस ठरल्या मापाचं असतं. मोकळं लावा, खत ओता, ते मापाबाहेर जात नाही. काही मात्र जागा आणि खाणंपिणं बघून हातपाय पसरतात. दादानं माझ्या दुकानातले सात-आठ वाण दोन-दोन ओळी लावून पाहिले आणि त्यातला एक धरला. पाकिटावर काय लिहिलं आहे ते त्यानं कधी वाचलं नाही. त्या वाणाची एक खूण होती. दाणे काढले की आतलं बुरकुंड तांबडंलाल निघायचं. माझ्या दुकानातल्या दुसऱ्या सगळ्या वाणांचं पांढरं असायचं. उन्हाळ्यात परसात त्या लाल बुरकुंडांचा ढीग पडलेला असायचा आणि वैनी अंघोळीचं पाणी त्याच्यावर तापवायची.

मका गुडघ्याएवढा असतो तेव्हाच कणसावर दाण्यांच्या किती ओळी धरायच्या हे ठरून जातं, आणि छातीएवढा होईतो ओळ किती लांब जाणार तेही. हे मी पुस्तकात शिकलो. दादा पुस्तक न उघडता म्हणायचा, "लहानपनी उपाशी ठेवलं अन् लग्नात जेवू घातलं, तं अंग धरते काय?" म्हणून युरियाचा पहिला हात तो कधी चुकू द्यायचा नाही, आणि कणसाचे केस बाहेर पडायच्या वेळी पाण्याची पाळी लांबली तर घरात कोणाशी धड बोलायचा नाही.

पण त्याचा मका पंचांगावर चालायचा. कणसं रामनवमीला दुधावर आली पाहिजेत म्हणून तो कॅलेंडर उलटं मोजायचा. रामनवमीच्या मागं शंभर दिवस, त्या दिवशी पेरणी. ज्या वर्षी रामनवमी उशिरा यायची त्या वर्षी पेरणीही उशिरा व्हायची, केस होळीच्या सुमारास भर उन्हात निघायचे, वाळून जायचे आणि कणसाचा शेंडा बोडका राहायचा. मी म्हणायचो, "पंधरा दिवस आधी पेर, शेंड्यापोतर भरते." तो म्हणायचा, "मंग यात्रेले काय वाळलेला मका फुटान्यासारखा देऊ?" अशा वर्षी तो प्रत्येक कणसाचा बोडका शेंडा मोडून टाकायचा आणि भरलेलं तेवढंच लोकांच्या हातात द्यायचा. कोणाला ते कळायचंही नाही.

अजून एक सवय होती. बाबा जिवंत असताना ज्वारीची उत्तम कणसं निवडून, जुडी बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगायचे. वर्षभर धूर लागायचा, कीड लागायची नाही, आणि पुढच्या साली तेच बी. ज्वारी गेली, बाबा गेले, मका आला, तरी दादानं टांगणं सोडलं नाही. मक्याची बारा कणसं निवडायची, त्यांच्या पानांची वेणी घालायची आणि आढ्याला माळ लावायची. पेरणीच्या वेळी मात्र माझ्याकडून नवं पाकीट न्यायचं, आणि पुढच्या काढणीला जुनी माळ बैलांना घालून त्या जागी नवी लावायची. मी एकदा विचारलं, "पेरत नाही तं टांगतं कायले?"

"बाबा टांगत व्हते," तो म्हणाला. विषय संपला.

ती माळ न पेरण्याचं कारण मीच होतो. ती गोष्ट सांगायला मला आजही जड जातं, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एका दुपारी मी वावरातल्या घरी जेवायला होतो. वैनी भाकरी वाढत होती. दादा आढ्याकडं बघून म्हणाला, "यंदा पाकीट नोको. हे माळच पेरून पाहू काय?" मी शहाणपणा पाजळला. म्हटलं, "दादा, हायब्रीडचा वंश चालत नाही. पहिली पिढी जोरदार निघते. त्याचंच बी पुन्हा लावलं तं कोनतं खुजं, कोनतं वाकडं, कोनतं अर्धं. ज्याचं त्याच्यापाशीच संपते."

माझ्या हातात घास तसाच राहिला. दादाच्या लग्नाला तेव्हा वीस-बावीस वर्षं झाली होती आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. वाशीमचे डॉक्टर झाले, अकोल्याचे झाले, नवस झाले. वैनीनं माझ्या ताटात भाकरी ठेवली आणि ती आत गेली. आणि मी गाढव, तोंड मिटायचं सोडून, आपलं बोलणं फक्त बियाण्याबद्दल होतं हे दाखवायला अजून पाच मिनिटं बियाण्याबद्दलच बोलत राहिलो. दादा खाली मान घालून जेवला. त्यानं पुन्हा माळ पेरायची गोष्ट काढली नाही.

दादा गेला ते दिवाळीनंतर. सोयाबीन काढून झालं होतं. विहिरीवर मोटार सुरू करायला गेला आणि तिथंच छाती धरून बसला. वाशीमच्या दवाखान्यात नेईतो संपलं होतं. ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

त्याच वर्षी त्याचा तो वाण कंपनीनं बंद केला. असं होतंच; कंपन्या काही वर्षांनी जुने वाण काढून नवे आणतात. वैनीला हे मीच सहज बोलता बोलता सांगितलं होतं. महिना-दीड महिना गेला, आणि एके दिवशी सकाळी तिनं मला वावरात बोलावून घेतलं. कॅलेंडर खुंटीवरून काढून खाटेवर ठेवलं होतं. रामनवमीपासून मागं शंभर दिवस तिनं बोटानं मोजून ठेवले होते. आढ्यावरची माळ उतरवलेली होती, बाराही कणसं हातानं सोलून झाली होती आणि दाणे दादाच्या दुपट्ट्यात बांधलेले होते.

"ते पाकीट बंद झालं म्हन्ता नं?" ती म्हणाली. "मंग हेच पेरू. सडकेवरच्या लोकायले कनसं तं द्याचीच हायेत. त्यायच्या हातचं बी हाय."

मी तिला तिथं सांगायला हवं होतं. एकच वाक्य होतं. पण तेच वाक्य मी एकदा तिच्या ताटावर बसून बोललो होतो, आणि आता तर दादा नव्हता. ते मला दुसऱ्यांदा बोलवेना. एवढंच असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण त्यात माझा ताठाही होता. मालेगावात माझं बियाण्याचं दुकान, आणि माझ्या सख्ख्या भावाच्या वावरात, भर रस्त्यावर, खुजी-वाकडी कणसं लागलेली सगळ्यांना दिसणार. दादाचं नाव खराब होईल, असं मी मनाला सांगितलं. दादाचं की माझं, हे मी तपासलं नाही.

"औषध लावून आनतो," मी म्हणालो आणि दुपट्टा घेऊन निघालो.

दुकानात मी बराच वेळ पाकिटं चाळत बसलो. जागा दिली की कणीस वाढवणारा, दाण्याचा रंग जवळपास तसाच असलेला एक वाण निवडला. बियाण्याला कंपनीतूनच गुलाबी औषध लावलेलं असतं, त्यामुळं दाण्याचा मूळ रंग झाकून जातो. ते बी मी एका साध्या पिशवीत ओतलं. दुपट्ट्यातले दाणे घरी नेले, म्हशीच्या खुराकात मिसळून भरडून आणले. चार दिवसांत म्हशीनं ते खाऊन संपवले. दुपट्टा धुऊन, घडी घालून मी वैनीला परत दिला. हे सगळं करताना माझा हात कुठंही अडखळला नाही, आणि त्याचंच मला आता जास्त नवल वाटतं.

पेरणीला वैनी स्वतः आली. दादाच्याच अंतरानं, दोन फूट आणि सव्वा फूट, दोरी धरून तिनं बायांबरोबर टोकण केली. मूठ उघडून एकदा म्हणाली, "दाना जरासा चापट दिसून राह्यला."

"औषधानं तसं वाटते," मी म्हणालो.

संध्याकाळी तिचे दोन्ही हात गुलाबी झाले होते. साबणानं निघत नव्हते. तिनं मला ते दाखवले आणि दादा गेल्यानंतर पहिल्यांदा थोडंसं हसली.

त्या साली मी मक्याची जेवढी काळजी घेतली तेवढी पोटच्या पोरांची घेतली नसेल. पहिला युरिया वेळेवर. पोंग्यात लष्करी अळी दिसली, तिला औषध. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, मका मोडू नये म्हणून बांधानं जुन्या साड्या बांधल्या. केस निघाले तेव्हा विहिरीचं पाणी कमी पडू लागलं, तर पलीकडच्या तुकड्यातल्या गव्हाची पाळी तोडून मक्याला दिली. रामनवमी त्या वर्षी फार उशिरा नव्हती, ऊन बेतानं होतं. कणसं शेंड्यापर्यंत भरली. मोठी आली. मी टेप लावून पाहिली, दादाच्या कणसांच्या आसपास होती. मला वाटलं, जमलं.

रामनवमीच्या आधी दोन दिवस वैनी बांधावर कोळसे पेटवून बसली. मी दुकान बंद ठेवून तिच्याजवळ होतो. दर वर्षी पायी जाणारी एक म्हातारी आली. पायात प्लास्टिकच्या चपला, डोक्यावर बोचकं. तिनं आल्या आल्या विचारलं, "मालक कुठी हायेत?" वैनीनं सांगितलं. म्हातारी खाली बसली. मग कणीस हातात घेऊन म्हणाली, "कनीस तं तेच हाय बाई."

"त्यायच्याच हातच्या बियाचं हाय," वैनी म्हणाली.

हे वाक्य तिनं त्या दोन दिवसांत येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. विचारो न विचारो, कणीस हातात देताना सांगितलं. प्रत्येक वेळी मी कोळशांवर वाकून पंखा घालायचो. धुरानं डोळ्यांत पाणी येतं, ते बरं असतं. दुसऱ्या दिवशी कणसं संपली तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, तुमी नसते तं हे झालं नसतं." मी म्हटलं, काही नाही वैनी, आणि गाडी काढून निघून आलो.

मागं ठेवलेला मका वाळायला अजून महिना गेला. वैशाखात काढणी झाली. मळणीयंत्र यायच्या आधी वैनीनं नव्या माळेसाठी कणसं निवडायला घेतली. मी गेलो तेव्हा ती ओसरीवर बसली होती. समोर मोठमोठी कणसं एका रांगेत लावलेली, आणि बाजूला पोत्यावर सोललेल्या दाण्यांचा लहानसा ढीग. तिच्या हातात एक बुरकुंड होतं. पांढरं. तिच्या मांडीजवळ अजून तीन पडलेली होती. तीही पांढरी.

"भाऊजी, हे पांढरं काहून हाय?"

कच्चं कणीस भाजून खाल्लं तर आतलं सगळ्या वाणांचं फिकटच दिसतं. लाल रंग चढतो तो वाळताना. दुकानदार असून ही गोष्ट माझ्या ध्यानातून साफ गेली होती. इतकी वर्षं त्या लाल बुरकुंडांवर पाणी तापवणाऱ्या बाईच्या ध्यानातून ती जाणार नव्हती.

"खतानं..." मी सुरुवात केली, आणि तिच्या तोंडाकडं पाहून थांबलो.

"बी बदललं तुमी."

"हो."

तिनं पोत्यावरचे दाणे हातानं एका बाजूला सारले. मग विचारलं, "अन् ते? ते कुठी हाय?"

खोटं बोलायला मला जागा होती. उंदरांनी खाल्लं म्हणता आलं असतं. का कोण जाणे, त्या वेळी खरं निघालं. "म्हशीले घातलं वैनी."

तिनं हातातलं बुरकुंड हळूच खाली ठेवलं. रडली नाही. चिडलीही नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"बारीक आलं असतं न ते?" ती म्हणाली. "माहीत हाय मले. तुमी जेवता जेवता बोलले व्हते, खुजं निघते म्हनून. मी आतून आयकलं होतं सारं. तरी मनलं, येऊ दे खुजं. वाकडं येऊ दे. मले काय मोठं कनीस पायजे होतं काय? त्यायचं पायजे होतं."

मी खांबाला धरून उभा होतो.

"अन् मी साऱ्या सडकेले सांगत बसली," ती म्हणाली, "त्यायच्या हातचं म्हनून."

मग ती उठली आणि आत गेली. मी ती मोठमोठी कणसं तशीच रांगेत ठेवून घरी आलो. त्या वर्षी आढ्याला माळ लागली नाही.

पुढं तीन-साडेतीन महिने मी तिकडं गेलो की ती पाणी द्यायची, चहा द्यायची, काय पेरायचं ते विचारायची. तुटक काही नव्हतं. फक्त 'भाऊजी' म्हणणं तिनं सोडलं होतं. माझं लहानपण संपायच्या आधी ती आमच्या घरात आली, तेव्हापासून ती मला भाऊजी म्हणत आली होती. तो शब्द नसला की घरात किती गार वाटतं हे मला ठाऊक नव्हतं.

पोळ्याच्या आसपास एक गिऱ्हाईक दुकानात आलं. काउंटरवर वाकून त्यानं वर बोट केलं आणि म्हणालं, "हा वाण द्या." मी सवयीनं सांगितलं, तो बंद झाला. आणि सांगता सांगता वर पाहिलं. दादाचं कणीस. विसरलोच होतो. रोज डोक्यावर होतं म्हणूनच विसरलो होतो. त्या गिऱ्हाइकाला मी तसंच परत पाठवलं आणि स्टुलावर चढलो.

दुकानात धूर नसतो. कणसाला सोंडकिडे लागले होते. सुतळी सोडताच पीठ खाली सांडलं. ते कागदात गुंडाळून मी वावरातल्या घरी गेलो आणि वैनीसमोर ठेवलं. ह्या वेळी सगळं सांगितलं. कणीस दादानं आणून दिलेलं, दोन सालांचं जुनं आहे. निम्म्याहून जास्त पोकळ झालं आहे. जे उगवेल ते खुजं निघेल, एकासारखं एक निघणार नाही. आणि झाडं थोडी असली की तुऱ्याची भुकटी केसांवर नीट पडत नाही, दाण्यांमध्ये फटी राहतात. ती ऐकत होती.

तिनं ते कणीस सुपात सोललं. बुरकुंड लाल होतं. ते तिनं वेगळं काढून पदराखाली ठेवलं. दाणे फुंकून, पाखडून पाहिले. चाळीसेक चांगले निघाले.

"कधी लावाचे?"

"तूच सांग," मी म्हणालो.

तिनं कॅलेंडर काढलं. पुढच्या सालचं अजून आलेलं नव्हतं. "मंग रामनवमी कधी ते पाहून सांगतो," ती म्हणाली.

त्या वर्षी मोठ्या वावरात हरभरा होता. परसात, न्हाणीच्या पाण्याजवळ, आम्ही ते चाळीस दाणे लावले. ती एका ओळीत लावायला निघाली होती. मी म्हटलं, ओळीत नको, चौकोनात लाव, म्हणजे वारा कुठूनही आला तरी एकाची भुकटी दुसऱ्यावर पडेल. सतरा उगवले. त्यातलं एक कोंबडीनं उकरलं. सोळा राहिले. तिनं त्यांच्याभोवती काट्यांचं कुंपण केलं.

केस निघाले तेव्हा मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी गाडीवर जायचो. तुऱ्यावर कागदाची पिशवी धरायची, झटकायची, पिवळी भुकटी जमवायची आणि एकेका कणसाच्या केसांवर हलक्या हातानं टाकायची. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याचा असतो. ज्या केसाला भुकटी मिळाली नाही, तो दाणा भरत नाही. लाखो दाणे विकणारा मी माणूस, दहा दिवस एकेक केस शोधत उभा असायचो. वैनी ओसरीवरून बघायची. पाचव्या की सहाव्या दिवशी ती येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. नंतर आम्ही आळीपाळीनं केलं.

रामनवमीला बांधावर कणसं नव्हती. वैनीनं दोन माठ भरून ठेवले होते. ती म्हातारी आली, पाणी प्यायली आणि कणीस कुठं आहे म्हणून विचारलं. "यंदा नाही माय," वैनी म्हणाली. "मांगच्या सालीचं त्यायचं नव्हतं. माहं सांगनं चुकलं." म्हातारीला काय समजलं कोण जाणे, तिनं वैनीच्या गालावरून हात फिरवला आणि निघाली. मी माठ भरायला म्हणून विहिरीवर गेलो आणि तिथं, जिथं दादा छाती धरून बसला होता, तिथं बसून मनमोकळं रडलो.

वैशाखात सोळा झाडांची तेरा कणसं मिळाली. तीन झाडांना धरलीच नव्हती. एक आंब्याएवढं. एक बाकदार. दोन बरी लांब, पण दात पडल्यासारखी. वैनीनं सगळी सुपात ठेवली, त्यातलं लहानातलं लहान एक उचललं आणि सोलायला लागली. माझं लक्ष तिच्या बोटांकडं होतं. दाणे पडत गेले आणि खालून लाल दिसायला लागलं. तिनं ते पूर्ण सोललं. मग उठून आत गेली, गेल्या वर्षी पदराखाली ठेवलेलं जुनं लाल बुरकुंड घेऊन आली आणि दोन्ही शेजारी ठेवली. रंग तोच होता. मला तेव्हा तिच्याकडं बघवेना.

उरलेल्या बारांची तिनं पानं मागं ओढून वेणी घातली. माळ झाली. आढ्याला लावायच्या आधी त्यातलं सगळ्यात लांब कणीस तिनं माझ्यापुढं धरलं.

"तुमचा हात त्यायच्यावानीच हाय," ती म्हणाली. "मोजा."

आमचे दोघांचे हात बाबांवर गेलेले, हे खरं आहे. मी वीत टेकवली. अंगठा बुडाशी ठेवला आणि करंगळी ताणली. कणीस करंगळीच्या बरंच आत संपलं. थोडा हात आखडला असता तर वीत भरली असती, तिला कळलंही नसतं. मी उरलेल्या जागेत दुसऱ्या हाताची बोटं लावून मोजली.

"इतीले चार बोटं कमी हाय वैनी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. स्टुलावर चढून माळ आढ्याला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि खाली उतरली.

"असू द्या भाऊजी," ती म्हणाली. "हात धुऊन घ्या, भाकरी वाढतो."